मॅच कधी आणि कुठे: वेळापत्रकावर मुद्द्याने भांडायचं कसं

आयएसएलचं, म्हणजे इंडियन सुपर लीगचं, वेळापत्रक आलं की आमच्या फुटबॉलवाल्या ग्रुपवर पहिल्या तासाभरात तीन वाक्यं हमखास पडतात. "सोमवारी कोण ठेवतं मॅच?" "आपल्यालाच सलग दोन अवे का?" आणि "अंधेरी बास झालं, डी. वाय. पाटीलला चला." (अवे म्हणजे समोरच्या संघाच्या घरची मॅच. अंधेरी आणि नेरूळचं डी. वाय. पाटील ही मैदानं.) तिन्हीमागे खरी अडचण असते. पण या तीन तक्रारी तीन वेगळ्या दारांवर न्यायच्या असतात, आणि आपण तिन्ही एकाच दारावर एकदम आपटतो. मग दोन दिवस आरडाओरडा होतो आणि हंगाम ठरल्याप्रमाणे सुरू होतो.

मी कल्याणला राहते आणि शाळेत गणित शिकवते. शाळेचं वेळापत्रक बसवायचं काम बरीच वर्षं माझ्याकडेच आहे, त्यामुळे एक तास हलवला की किती तास हलतात हे मला पाठ झालंय. मुंबई सिटी या आमच्या क्लबची घरची मॅच असली की भाचीला घेऊन अंधेरीला जाते. समर्थकांनी वेळा आणि मैदानांवर बोललंच पाहिजे असं मला मनापासून वाटतं, कारण स्टँडमध्ये बसणाऱ्या माणसाचा दिवस कसा जातो हे आपल्याशिवाय कुणी सांगणार नाही. ते कसं सांगायचं, एवढंच इथे लिहिते.

आधी तक्रार कशाची ते ठरवा

तक्रार चार प्रकारची असू शकते: किकऑफच्या वेळेची, वाराची, दोन सामन्यांमधल्या अंतराची किंवा मैदानाची. यातलं नेमकं काय दुखतंय ते एका वाक्यात लिहून काढा. "शेड्यूल भिकार आहे" या वाक्यावर कुणीच काही करू शकत नाही. "मंगळवारी रात्रीच्या मॅचनंतर मध्य रेल्वेवरच्या माणसाला घरी पोचायला उशीर होतो" यावर निदान बोलता येतं.

मग हे कुणाच्या हातात आहे ते पाहा. किकऑफची वेळ बहुतेक करून लीग आणि प्रसारण कंपनी मिळून ठरवतात. एका दिवशी दोन मॅच असल्या तर त्या एकमेकींवर येऊ नयेत म्हणून 5 आणि 7:30 असे दोन कप्पे पाडतात. 2023-24चा हंगाम सुरू झाला तेव्हा रात्रीची मॅच 8ला होती, आणि पुढच्या हंगामात ती 7:30ला आली. म्हणजे वेळ दगडावर कोरलेली नसते, ती हलते. मैदान क्लब निवडतो, पण ते मोकळं आहे की नाही हे मैदानाचा मालक सांगतो आणि त्या दिवशी बंदोबस्त मिळेल की नाही हे पोलीस सांगतात. राष्ट्रीय संघाच्या सामन्यांसाठीच्या सुट्ट्या फिफा ठरवतं. आशियाई स्पर्धेच्या तारखा आशियाई महासंघाकडून येतात. त्या तारखेवरून क्लबच्या माणसाशी भांडणं म्हणजे बोर्डाच्या परीक्षेच्या तारखेवरून वर्गशिक्षिकेशी भांडणं. ऐकून घेण्यापलीकडे ती काय करणार?

याचं उदाहरण मुंबईकरांना आठवत असेल. मुंबई सिटीची एएफसी चॅम्पियन्स लीगमधली इराणच्या नस्साजी माझंदरानविरुद्धची घरची मॅच 18 सप्टेंबर 2023ला झाली. त्या दिवशी हरतालिका होती आणि दुसऱ्या दिवशी गणेश चतुर्थी. शिवाय मॅच होती पुण्यात, बालेवाडीला. घरी गणपती बसणाऱ्या माणसाने मखर सोडून एक्स्प्रेस-वे गाठायचा का, असा संताप तेव्हा पुष्कळांनी बोलून दाखवला. तारखेवरचा संताप क्लबवर काढून उपयोग नव्हता, ती आशियाई महासंघाची होती. मैदानावरचा मात्र क्लबला विचारण्यासारखाच होता. हे दोन धागे सुटे केले असते तर दुसऱ्याला जास्त वजन आलं असतं.

घरापासून उलटं गणित मांडा

"उशीर होतो" हे मत झालं. त्याचा हिशोब करून दाखवा.

माझा हिशोब असा. 7:30ची मॅच. 45 मिनिटं, मग 15 मिनिटं मध्यांतर, मग पुन्हा 45, आणि दोन्ही अर्धांची मिळून जादा वेळ साधारण दहा मिनिटं. शिट्टी वाजते 9:25च्या सुमारास. अंधेरी क्रीडा संकुलाच्या फाटकातून गर्दीबरोबर बाहेर पडून आझाद नगर मेट्रो स्टेशनात शिरेपर्यंत पावणेदहा. तिथून घाटकोपर, पूल, मध्य रेल्वेचा फलाट असं करत सव्वादहा. पुढे जलद लोकल मिळाली तर कल्याणला अकरा, रिक्षा मिळून घरी सव्वाअकरा. हीच मॅच 8ला सुरू झाली तर घरी पावणेबारा. ज्या शिक्षिकेची सकाळची शाळा सातला भरते आणि जिच्याबरोबर सोळा वर्षांची मुलगी आहे, तिच्यासाठी सव्वाअकरा आणि पावणेबारा यांत फार मोठा फरक आहे. सव्वाअकराला रिक्षास्टँडवर रांग असते. पावणेबाराला रिक्षावाला भाडं सांगतो आणि आपण मान डोलावतो.

आता 5ची मॅच घ्या. ती सातच्या आत संपते आणि नऊपर्यंत घर गाठता येतं. पण साडेचारला जागेवर बसायचं तर कल्याणहून अडीचला निघायला हवं. कामाच्या दिवशी ते अशक्य. शनिवारी जमतं. रविवारी मेगाब्लॉक असतो, आणि तो आपल्याच बाजूला असेल तर दुपारी चारच्या आधीच्या लोकलवर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून "वीकेंडला 5ची मॅच द्या" ही सरधोपट मागणी मी करत नाही. मी शनिवार म्हणते. रविवारी मला 7:30 चालतात. उन्हाचंही पाहायला हवं. ऑक्टोबरात मुंबईत पाचला खेळणारे आणि पश्चिमेकडे तोंड करून बसणारे दोघेही भाजून निघतात.

असा हिशोब दहा-बारा जणांकडून गोळा करा. विरारचा, पनवेलचा, बदलापूरचा, मालाडचा. प्रत्येकाने तीनच गोष्टी द्यायच्या: कुठून येतो, काम किती वाजता सुटतं, परत घरी किती वाजता पोचतो. या ओळी एका कागदावर एकाखाली एक आल्या की चित्र आपोआप दिसतं. बहुधा असं निघतं की पश्चिम रेल्वेवाल्यांना 7:30चा फारसा त्रास नाही आणि कल्याणच्या पुढच्यांना आहे. ही फूट ग्रुपमध्येच कळलेली बरी. नाहीतर मागणी पाठवल्यावर आपलेच लोक खाली लिहितात, "आम्हाला काही प्रॉब्लेम नाही."

एक सावधगिरी. रिकाम्या स्टँडचं खापर फक्त वारावर फोडू नका. 1 जून 2018ला, शुक्रवारी, याच अंधेरीच्या मैदानात भारताने चायनीज तैपेईला 5-0 हरवलं तेव्हा अधिकृत आकडा होता 2,569 प्रेक्षकांचा. दुसऱ्या दिवशी सुनील छेत्रीने व्हिडिओ टाकून लोकांना मैदानावर यायची विनंती केली. 4 जूनला केनियाविरुद्ध त्याचा शंभरावा सामना होता. धो धो पाऊस होता, वार सोमवार होता आणि मैदान गच्च भरलं होतं. त्यामुळे "सोमवारी कुणी येत नाही" असं म्हणालात तर समोरचा हा सामना काढून दाखवेल. "सोमवारी लांबून येणाऱ्याला दुसऱ्या दिवशीची रजा टाकावी लागते" असं म्हणा. ते कुणाला खोडता येत नाही.

सलग दोन अवे: यात कट शोधू नका

हा भाग माझ्या विषयाचा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. ग्रुपवर सगळ्यात जास्त कडवटपणा इथेच येतो आणि सगळ्यात कमी आधार इथेच असतो.

14 संघांची लीग धरा, प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचं. 14 गुणिले 13 भागिले 2, म्हणजे 91 सामने. 2026च्या फेब्रुवारीत उशिरा सुरू झालेल्या आयएसएलची रचना हीच. प्रत्येक फेरीत सातच्या सात सामने झाले तर 13 फेऱ्या लागतात. आता प्रत्येक संघाला वाटतं, आपल्याला एक घरी, एक बाहेर, एक घरी, एक बाहेर असं मिळावं. समजा मुंबई आणि गोवा दोघांनाही पहिल्या फेरीपासून घर-बाहेर-घर-बाहेर असं मिळालं. मग ज्या फेरीत मुंबई घरी, त्या फेरीत गोवाही घरी. ज्या फेरीत मुंबई बाहेर, त्यात गोवाही बाहेर. मग हे दोघे एकमेकांशी खेळणार कधी? कधीच नाही, कारण त्या सामन्यात एकजण घरी आणि एकजण बाहेर असायला हवा. म्हणजे एकाच ठेक्याचे दोन संघ असू शकत नाहीत. ठेके दोनच आहेत, घरापासून सुरू होणारा आणि बाहेरून सुरू होणारा. त्यामुळे 14 पैकी फार तर दोन संघांना अखंड आलटून-पालटून मिळेल. उरलेल्या 12 जणांना कधी ना कधी सलग दोन घरी किंवा सलग दोन बाहेर खेळावंच लागेल. वेळापत्रक देवाने बसवलं तरी.

तेरा सामने म्हणजे कुणाला सात घरचे आणि कुणाला सहा, हेही त्यातच आलं. त्यावर भांडायचं असेल तर "आम्हाला सहाच का" असं न विचारता "सात आणि सहा कुणाला हे ठरवलं कसं? चिठ्ठी टाकली, की मागच्या हंगामाच्या क्रमावरून?" असं विचारा. हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तर मिळायलाच हवं.

2024-25ला 13 संघ होते आणि सामने दोन-दोन, एक घरी आणि एक बाहेर. 13 गुणिले 12, 156 सामने. विषम संख्या असल्याने प्रत्येक फेरीत एक संघ बसून राहणार. मधेच एखाद्या संघाला दहा-दहा दिवस मॅच नाही असं दिसतं, त्याचं एक कारण हे. त्यावर फिफाच्या खिडक्या, म्हणजे राष्ट्रीय संघांसाठीच्या त्या सुट्ट्या: सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, मार्च. 2026पासून सप्टेंबर-ऑक्टोबरच्या दोन जोडून एक मोठी केली आहे. शिवाय कोलकात्यात मोहन बागान आणि ईस्ट बंगाल दोघांचंही घर सॉल्ट लेकचं एकच मैदान. एक घरी तर दुसरा बाहेर, अशी गाठ आधीच मारलेली. ही गाठ सांभाळताना त्याची ओढ मुंबई, गोवा, कोची सगळ्यांना बसते.

मग अंतरावर भांडायचंच नाही का? भांडायचं, पण तीन ठिकाणी. एक, दोन सामन्यांमध्ये 72 तासांपेक्षा कमी विश्रांती आली तर. खेळाडूंच्या संघटना जगभर हाच आकडा धरून बोलतात, तोच आपणही धरावा. दोन, सलग तीन किंवा जास्त अवे आले तर, कारण सलग दोन टाळता येत नसले तरी तीन टाळता येतात. तीन, प्रतिस्पर्ध्याला आठवड्याची विश्रांती आणि आपल्याला तीन दिवसांची, असं पुन्हा पुन्हा होत असेल तर. यासाठी हंगामाच्या सुरुवातीलाच एका वहीत प्रत्येक सामन्यापुढे दोन आकडे लिहा: आपली विश्रांती किती दिवस, समोरच्याची किती. हंगाम अर्धा झाला की बेरीज करा. फरक नगण्य निघाला तर तो विषय बंद करा आणि ग्रुपवर तसं सांगूनही टाका. फरक मोठा निघाला तर तो कागद म्हणजेच तुमचं पत्र.

वेळापत्रक आलं की भिंतीवरची दिनदर्शिका काढा

माझ्या मते समर्थकांना सगळ्यात जास्त यश इथे मिळू शकतं आणि नेमकं इथेच कुणी बघत नाही.

11 जानेवारी 2025ची कोलकाता डर्बी आठवा. मोहन बागान विरुद्ध ईस्ट बंगाल, या देशातला सगळ्यात मोठा क्लब सामना. तो झाला गुवाहाटीत, कोलकात्यापासून रेल्वेने हजार किलोमीटरच्या आसपास. कारण गंगासागर मेळ्यामुळे पोलीस बळ कमी होतं. सामना बागानने 1-0 जिंकला, पण ज्या दोन समर्थकवर्गांचा तो सामना, त्यांचं शहरच त्यात नव्हतं. मला त्याचं आजही वाईट वाटतं. गंगासागर मेळा मकर संक्रांतीला भरतो. संक्रांत 14 जानेवारीच्या आसपास येते, हे पंचांग न बघताही शाळेतलं पोर सांगेल. म्हणजे ही अडचण अचानक आकाशातून पडली नव्हती. वेळापत्रकाचा कच्चा आराखडा बनत असताना कुणीतरी "या आठवड्यात डर्बी नको" असं लेखी दिलं असतं, तर तारीख आधीच हलवता आली असती.

म्हणून वेळापत्रक आलं की पहिल्या संध्याकाळी हे काम करा. आपल्या प्रत्येक घरच्या सामन्यापुढे त्या आठवड्यात शहरात काय आहे ते लिहा. मुंबईत अनंत चतुर्दशी आणि तिच्या आधीचे विसर्जनाचे दिवस, नवरात्र, दहीहंडी, 6 डिसेंबरचा महापरिनिर्वाण दिन, 31 डिसेंबर, निवडणुकीचं मतदान आणि मतमोजणी. या दिवसांत पोलीस दुसरीकडे असतात आणि तिथेच असायला हवेत. नवी मुंबईचं मैदान असेल तर तिथले मोठे कार्यक्रम पाहा. जानेवारी 2025मध्ये डी. वाय. पाटीलला कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले. त्या सुमारास तिथे फुटबॉल मागणं व्यर्थ होतं. क्रिकेटचा हंगाम तर वेगळाच. बारावी-दहावीच्या परीक्षाही लिहा. त्यांनी बंदोबस्त अडत नाही, पण आपल्या स्टँडमधली निम्मी तरुण मंडळी अडकतात.

धडक दिसली की लगेच कळवा. दोन महिने आधी सांगितलेली अडचण वेळापत्रक बनवणाऱ्याला सूचना वाटते. तीच अडचण सामन्याच्या आठ दिवस आधी सांगितली की कटकट वाटते. हे मी शिक्षकखोलीच्या अनुभवावरून सांगते. जून महिन्यात जी बाई येऊन म्हणते, "मला गुरुवारी शेवटचा तास नको, मुलाला पाळणाघरातून आणायचं असतं," तिचं मी ऐकते. ऑगस्टमध्ये तेच ऐकायचं तर आठ वर्ग हलवावे लागतात.

मैदान: आपली सोय बाजूला ठेवून बघा

कल्याणहून मला नेरूळ सोपं. ठाण्याला गाडी बदलली की ट्रान्स-हार्बरने नेरूळ, तिथून डी. वाय. पाटील जवळ. अंधेरीपेक्षा जीव कमी दमतो. तरी माझं मत अंधेरीच्याच बाजूने आहे, आणि का ते सांगते.

अंधेरीत जेमतेम सात हजारांच्या आसपास माणसं बसतात. डी. वाय. पाटीलमध्ये 50 हजारांवर. क्रिकेटचं गोल मैदान असल्याने तिथे पहिल्या रांगेतूनही टचलाइन लांब पडते. अंधेरीत स्टँड मैदानाला लागून आहे, गोलकीपर बचावपटूंना काय ओरडतोय ते ऐकू येतं. वेस्ट ब्लॉक ब्लूजने, म्हणजे मुंबई सिटीच्या समर्थकगटाने, ढोल धरला की समोरच्या स्टँडपर्यंत थरथर पोचते. साध्या मंगळवारी पाच हजार माणसं अंधेरीत आली तर मैदान भरल्यासारखं वाटतं. तीच नेरूळला विखुरली तर खेळाडूंना सराव सामना खेळल्यासारखं वाटत असणार. पण सौदीच्या अल हिलालसारखा संघ आला की उलट होतं. 6 नोव्हेंबर 2023ला ती मॅच नेरूळला झाली आणि जितके लोक आले तितके अंधेरीत उभेही राहिले नसते. त्या एका रात्रीसाठी मोठं मैदान हा बरोबर निर्णय होता. म्हणजे "अंधेरी की नेरूळ" असा एकच कायमचा कौल मागण्याऐवजी "नेहमी अंधेरी, वर्षातल्या दोन मोठ्या मॅच नेरूळला" असा प्रस्ताव मांडता येतो. क्लबला तो परवडतो का, हा पुढचा प्रश्न. निदान तो प्रस्ताव तरी आहे.

मैदानावर वाद घालताना एवढं तपासा. माणूस तिथे सार्वजनिक वाहनाने पोचतो का आणि रात्री परत येतो का. बायकांची स्वच्छतागृहं किती आहेत, मध्यांतराच्या 15 मिनिटांत रांग संपते का. हा प्रश्न पुरुष सभासद कधी विचारत नाहीत, म्हणून मी दरवेळी विचारते. पाणी आत मिळतं का. पावसानंतर पिचचा निचरा होतो का. शेवटचं हलकं समजू नका. 2017च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात ब्राझील-इंग्लंड उपांत्य सामना गुवाहाटीच्या पावसाने पिच खराब झाल्यावर कोलकात्याला हलवला गेला. विश्वचषकाचा उपांत्य सामना हलू शकतो, तर सप्टेंबरातली आपली लीग मॅचही हलू शकते. त्या वेळी पर्यायी मैदान कोणतं, तिकिटाचे पैसे परत कसे, हे हंगामाआधी विचारून ठेवा.

"आशियाई दर्जा नाही" हे कारण आलं तर शांतपणे पुढे विचारा, नेमकी कोणती अट? प्रकाश, आसनं, ड्रेसिंग रूम, माध्यमांची जागा, की आणखी काही? 2022च्या महिला आशिया चषकाचे सामने अंधेरी, नेरूळ आणि बालेवाडी या तिन्ही ठिकाणी झाले होते. तरी 2023ला पुरुषांची चॅम्पियन्स लीग अंधेरीत आली नाही. स्पर्धेगणिक अटी वेगळ्या असतात. कोणती अट अडते ते कळलं तर ती पुरी करायची मागणी मैदानाच्या मालकाकडे नेता येते. अंधेरीचं क्रीडा संकुल महापालिकेचं आहे, म्हणजे तिथे तुमचा नगरसेवकही कामाचा माणूस आहे.

समोरच्या संघाच्या समर्थकांशी बोलताना

तुमची मागणी त्यांच्यावर उलटवून पाहा. मुंबईची मॅच शनिवारी पाचला हवी, आणि बेंगळुरूहून येणारा माणूस शुक्रवारी रात्री बस धरून येणार असेल, तर त्यालाही ती सोयीची आहे. मग दोन्ही समर्थकगटांनी एकच मागणी केली तर तिचं वजन दुप्पट. पण तुम्हाला सोमवार नको म्हणून तो गोव्याच्या गळ्यात घालायचा, ही मागणी नव्हे.

अंतिम सामन्याच्या मैदानाचा वाद हे याचं चांगलं उदाहरण. बरीच वर्षं फायनलचं ठिकाण आधीच ठरायचं, गोव्यातलं फातोर्डा कितीदा तरी आलं. मग 2024 आणि 2025ची फायनल वरच्या क्रमांकाच्या संघाच्या घरी झाली, दोन्ही वेळा सॉल्ट लेकला. 2024ला मुंबईने तिथे 3-1 जिंकलं, म्हणून आपल्याला तो नियम गोड वाटतो. हरलो असतो तरी गोड वाटला असता का? माझं उत्तर हो आहे. लीगमध्ये वर राहिल्याचं काहीतरी फळ मिळायला हवं, आणि भरलेल्या मैदानात फायनल झाली पाहिजे. पण तटस्थ ठिकाणाच्या बाजूनेही खरा मुद्दा आहे: ठिकाण महिने आधी माहीत असलं की तिकीट आणि राहण्याची सोय स्वस्तात होते. त्या बाजूने बोलणाऱ्याला "रडका" म्हणू नका. दोन्ही बाजू मांडून झाल्या की मग आपलं मत द्या.

पत्र लिहा, लहान लिहा

जर्मनीत बुंडेसलिगाच्या सोमवारच्या सामन्यांविरुद्ध समर्थक उठले तेव्हा त्यांची मागणी एका ओळीची होती: सोमवार नको. फेब्रुवारी 2018मध्ये फ्रँकफर्टला लाइपझिशविरुद्धच्या सामन्यात मैदानात टेनिसचे चेंडू पडले, खेळ थांबला. त्याच वर्षी लीगने जाहीर केलं की 2021-22पासून सोमवारचे सामने बंद. चेंडू फेकायचा सल्ला मी देणार नाही. तिथल्या सगळ्या क्लबांचे समर्थक त्या एका ओळीवर एकत्र होते, ते मात्र घेण्यासारखं आहे.

आपलं पत्र क्लबच्या समर्थक-संपर्काच्या माणसाला जावं, प्रत लीगला. एका पत्रात एकच मागणी. नमुना देते:

"महोदय, आम्ही अंधेरीच्या घरच्या सामन्यांना नियमित येणारे समर्थक आहोत. येत्या महिन्यातला सोमवारचा घरचा सामना 7:30ऐवजी 7 वाजता सुरू करावा, ही विनंती. त्या दिवशी लीगचा दुसरा सामना नाही, त्यामुळे प्रसारणाची वेळ एकमेकांवर येत नाही. आमच्यापैकी कल्याण, बदलापूर आणि पनवेलहून येणाऱ्यांना 7:30च्या सामन्यानंतर घरी पोचायला रात्रीचे सव्वाअकरा ते बारा होतात. तपशील सोबत जोडला आहे. अर्धा तास आधी सामना सुरू झाल्यास बरोबर मुलं आणि महिला असणाऱ्यांना येणं शक्य होईल. हे जमत नसल्यास अडचण कोणत्या स्तरावर आहे ते कळवावं, म्हणजे आम्ही तिथे विनंती करू. आपले, ..."

"हे जमत नसल्यास" हे वाक्य विसरू नका. नकार आला तरी नकार कुणाचा हे त्यातून कळतं. खाली नावं, राहण्याची ठिकाणं आणि सीझन तिकीट असेल तर तसा उल्लेख. पैसे भरून जागा घेतलेल्या माणसाचं म्हणणं क्लब आधी वाचतो. पाठवल्यावर पंधरा दिवस थांबा. त्या काळात ग्रुपवर कुणी त्याच विषयावर शिवीगाळ सुरू केली तर त्याला पत्राची प्रत पाठवा आणि सही करायला सांगा.

गावातल्या लीगसाठी वेगळी रीत

आयएसएलच्या खाली आलात की सगळं सोपं होतं आणि भांडणही जवळचं होतं. कुपरेजला किंवा वांद्र्याच्या नेव्हिल डिसूझा टर्फवर दुपारी चालणाऱ्या मुंबईच्या लीगला प्रेक्षक म्हणजे खेळाडूंचे आईवडील, मित्र आणि आमच्यासारखे चार वेडे. वेळ ठरवणारा माणूस तिथेच खुर्चीवर बसलेला असतो. त्याला हातात कागद द्या. वेळापत्रक दोन दिवस आधी कळतं, ते आठ दिवस आधी लावा, एवढी एकच मागणी तिथे पुरेशी आहे. वेळ बदलायला सांगू नका. ही मैदानं सकाळ-संध्याकाळ आणखी कितीजणांना पुरवायची असतात.

कोल्हापूरला गेलात तर शाहू स्टेडियमवर केएसएची, म्हणजे तिथल्या फुटबॉल संघटनेची, लीग जरूर पाहा. तिथे दुपारच्या उन्हात पेठापेठांतून माणसं चालत येतात आणि पाटाकडील किंवा दिलबहार या तालमींच्या संघांची मॅच असली की जागा मिळत नाही. शहराच्या मधोमध मैदान, पायी अंतरावर समर्थक, ठरलेली वेळ. मुंबईत हे जसंच्या तसं होणार नाही. पण क्लबला पत्र लिहिताना "प्रेक्षक कामाच्या दिवशी दुपारी येत नाहीत" असं लिहायच्या आधी ते एकदा बघून या, आणि "आमच्या शहरात, आमच्या अंतरांमुळे येत नाहीत" असं लिहा.